कंदिलाची कडी

पासलीच्या डोंगरउतारावर कोंडिबांनी दगडावर दगड रचून भाताचे पहिले खाचर बांधले आणि वरून धावत येणारे पाणी आयुष्यात प्रथमच कोणाचे तरी ऐकून थांबले. कोंडिबांचे चिरंजीव सोनबा यांनी त्या एका खाचराची अकरा केली. सोनबांचे चिरंजीव आबा यांनी पाण्याच्या पाळीवरून भावकीशी एकोणीस वर्षे अबोला धरला आणि विसाव्या वर्षी पाळी मिळवली. आणि आबांचे चिरंजीव कुंडलिकराव, जे भोरच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सन्मानाने निवृत्त झाले, त्यांनी विंझरच्या आपल्या घरामागे कमरेइतक्या पाण्याचा हौद बांधला, हौदाच्या एका अंगाला दगडी धबधबा केला, धबधब्याच्या कट्ट्यात सहा दिवे बसवले. आणि ज्या संध्याकाळी त्या दिव्यांनी उजेड पाडायला हवा होता, नेमका त्याच संध्याकाळी तो पडला नाही. पाण्याने असा अपमान या घराण्यात त्यापूर्वी कोणाचा केला नव्हता.

हौद कशासाठी, याविषयी विंझरमध्ये तीन मते होती. पहिले असे की, कुंडलिकरावांचे गुडघे गेले आहेत आणि डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितले आहे. दुसरे असे की, ते पुण्याच्या लोकांना खोल्या भाड्याने देणार. तिसरे मत शेजारी मानसिंगरावांचे होते. ते म्हणत, "पेन्शनीचा माणूस रिकामा बसला की एक तर भजनाला लागतो, न्हाईतर बांधकामाला. भाऊसाहेबांचा आवाज चांगला न्हाई."

खरे कारण फक्त तीन माणसांना ठाऊक होते: कुंडलिकराव, त्यांच्या पत्नी मोहिनीबाई आणि पासलीला एकट्या राहणाऱ्या आत्या सोजराबाई.

सोजराबाई ही आबांची धाकटी बहीण. तिचा संसार तीन वर्षे टिकला. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली, तेव्हा त्या संसारातून एकच वस्तू बरोबर आली: नवऱ्याने भोरच्या बाजारातून हौसेने आणलेला कंदील. इकडे कुंडलिकची आई तो दोन वर्षांचा असताना गेली होती. तेव्हा मुलाला आई आणि कंदिलाला घर, अशी दोन्ही कामे एकदमच झाली. पुढे कुंडलिक नऊ वर्षांचा असताना एका तिन्हीसांजेला आत्या डोक्यावर दोन हंडे घेऊन टाक्यावरून परत निघाली होती आणि पुढे उजेड दाखवायचे काम याच्याकडे होते. टाक्याच्या काठावर याला खेकडा दिसला. खेकड्याला पकडण्यासाठी हा वाकला, कंदील कडीतून निसटला आणि खोल टाक्यात जाऊन बसला. खेकडाही गेला. याच्या मुठीत उरली ती फक्त तारेची कडी.

अंधारात ठेचकाळत दोघे घरी आली. आत्या एका शब्दाने रागावली नाही, आणि मुलाला तेच सहन होईना. तो हुंदके देऊन रडू लागला. तेव्हा उंबऱ्यात उभे राहून आत्याने त्याच्या मुठीतून कडी सोडवून घेतली आणि म्हणाली, "उगी. ही कडी माझ्यापाशी ऱ्हाईल. मोठा झालास म्हंजी माझा दिवा पान्यातच पेटवून दे, आन् मग कडी परत ने."

रडणाऱ्या मुलाला गप्प करायला माणूस काय वाटेल ते बोलतो. परंतु कुंडलिकचा पिंड तेव्हापासूनच कारकुनाचा होता. त्याने हे कर्जाचे खत मानले. आणि सोजराबाईंचा पिंड सावकाराचा नसला तरी ताठ होता. त्यांनी कडी जपून ठेवली. पुढे पुतण्याने नोकरी लागल्यावर गॅसची शेगडी नेऊन दिली, लुगडी नेली, मोबाईलही दिला. प्रत्येक वस्तू हातात घेऊन, उलटीपालटी करून बघून सोजराबाई म्हणत, "ब्येस हाय. माझा कंदील?"

गेल्या श्रावणात चौऱ्याऐंशी वर्षांच्या सोजराबाई पासलीच्या अंगणात शेवाळावरून घसरल्या आणि सकाळपासून दुपारपर्यंत तिथेच पडून राहिल्या. वरच्या वाडीची साळूबाई शेळ्या घेऊन उतरली, तिच्या दृष्टीस पडल्या म्हणून निभावले. कुंडलिकराव धावत गेले, हात जोडून म्हणाले, "आत्या, आता विंझरला चल. कायमची."

पलंगावर पाय लांब करून बसलेल्या सोजराबाईंनी मान हलवली. "देनेकऱ्याच्या घरात घेनेकरी ऱ्हात न्हाई, कुंडलिका. पयलं माझं देनं दे."

"आणि दिलं तर?"

"मग ईन की. पन मला पटलं पायजे. त्रिपुरीपत्तुर वाट बघते. न्हाई झालं तर पुन्यांदा इषय काढायचा न्हाई."

म्हणून हा हौद. त्रिपुरी पौर्णिमेला पाण्यात दिवे सोडण्याची रीत जगाची. कुंडलिकरावांना पाण्यातच दिवा लावायचा होता.

भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी कामथडीच्या सूरज वायरमनने चाचणी घेतली. पंप सुरू झाला, धबधब्याचा पडदा कट्ट्यावरून खाली उतरला, सहाही दिवे पाण्याखाली गेले आणि पेटले. हौदाच्या तळाची फरशी न् फरशी मोजून घ्यावी असा लख्ख उजेड! कुंपणावर ओळीने कोपरे टेकून उभे असलेले शेजारी काही क्षण गप्प होते, आणि विंझरच्या शेजाऱ्यांच्या बाबतीत ही घटना नोंद करण्यासारखी मानावी लागेल. कुंडलिकरावांनी त्याच पावली पासलीला निरोप धाडला आणि सकाळी स्वतः जाऊन आत्याला गाडीतून आणले.

सोजराबाई एक गाठोडे घेऊन आल्या. उतरल्या उतरल्या त्यांनी गोठ्यातली मोहिनीबाईंची नवी कालवड पाहिली, "गोजिरी हाय," म्हणाल्या, आणि स्वतःच्याच तोंडून कौतुक निघाले म्हणून चपापून कमरेची पितळी डबी काढून तिच्या कपाळाला काजळाची तीट लावली. हे काजळ त्या घरी करीत. एरंडेलाचा दिवा, त्यावर तांब्याचे ताट, ताटावरची काजळी तुपात खललेली. त्यांच्या आळीत चार पिढ्यांची लेकरे या डबीच्या भरवशावर मोठी झाली होती.

इतक्यात मानसिंगराव आले. "आत्याबाई, दिवे बगाच तुमी! काल अख्खं विंझर दिपलं. माझी म्हातारी म्हनली, असा उजेड पुन्याला बी न्हाई."

सोजराबाई उठल्या आणि मागच्या दाराने परसात गेल्या. म्हातारे माणूस, हातपाय धुवायला गेले असेल, असे सर्वांना वाटले.

संध्याकाळी खुर्ची मांडली. आत्याला शाल पांघरली. कुंडलिकरावांनी दोनदा खाकरून बटण दाबले. पाणी पडू लागले, आणि पाण्यात सहा ठिकाणी, कोणीतरी आजारी असावे आणि त्याच्या उशाशी जपून लावावे, तसे सहा दिवे मिणमिणले.

सोजराबाई बराच वेळ बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "कुंडलिका, माझ्या कंदिलाच्या उजेडात गोठ्यातल्या गाईची शिंगं मोजता यायची. ह्ये तर काजव्यांची पोरं हाईत." आणि शाल सावरून आत गेल्या.

त्या दिवसापासून पौर्णिमेला अकरा दिवस होते.

मानसिंगरावांचे निदान तात्काळ तयार होते. "पाणी गढूळ. तुरटी फिरवा." पाच किलो तुरटी आली. मानसिंगराव स्वतः काठावर बसून ती पाण्यात फिरवू लागले. दुपारी पाणी खरोखरच निवळले. मानसिंगराव मागे सरून म्हणाले, "व्वा! आरसा झाला, आरसा! आता बघा, मोती चमकतील मोती!" ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या सोजराबाईंनी सूप बाजूला ठेवले आणि उठल्या. संध्याकाळी निवळशंख पाण्यातून कालच्यापेक्षाही मंद दिवे अगदी स्वच्छ दिसले.

मग विजेचा दाब कमी असेल, असे ठरले. यासाठी कुंडलिकराव तालुक्याच्या वीज कचेरीत गेले. चौतीस वर्षे ज्या माणसाने टेबलाच्या आतल्या बाजूने कारभार पाहिला, त्याला बाहेरच्या बाजूस उभे राहावे लागले की टेबलाची उंची किती असते, हे प्रथम समजते. तेथील कारकुनाने अर्ज वाचला आणि विचारले, "घरगुती, शेती की व्यापारी?"

"धबधबा आहे."

"धबधबा कशात बसतो, ते तुम्ही लिहायचंय."

कुंडलिकरावांनी घरगुती लिहिले. दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला. समासात लाल शाईचा शेरा होता: 'दिवा जमिनीवर आहे किंवा पाण्यात, याचा बोध होत नाही. खुलासा व्हावा.' 'खुलासा व्हावा' हे दोन शब्द कुंडलिकरावांनी आपल्या सेवेत किमान चार हजार अर्जांवर लिहिले होते. ते इतके टोचरे असतात, याची त्यांना कल्पना नव्हती. घरी येऊन त्यांनी जेवणाच्या ताटावर बसून मोहिनीबाईंना सांगितले, "तो शेरा बरोबर होता. अक्षरसुद्धा चांगलं होतं." आणि दुसरी पोळी नको म्हणाले.

खुलासा सादर झाल्यावर प्रेरणा नावाची तरुण अभियंता पाहणीस आली. तिने मीटर तपासला, खांब तपासला, पंपाच्या पेटीत यंत्र घालून पाहिले. "काका, दाब अगदी उत्तम आहे. तुमच्या वायरीत काही असेल तर बघा." जाताना ती वळून म्हणाली, "पण किती सुंदर केलंय हो! माझ्या आईला दाखवायला आणते."

सोजराबाई उठल्या.

वायर पाहायची म्हणजे जमीन उकरायची. घराच्या पुढच्या भिंतीपासून हौदापर्यंत सूरजने चर खणला आणि तो चर, दुसरी वाट असतानाही, मोहिनीबाईंच्या मेथीच्या वाफ्यातून गेला. बारीक वायर काढून जाड वायर घातली.

"धबधबा राहिला बाजूला, माझी मेथी गेली," मोहिनीबाई म्हणाल्या.

"मेथी पुन्हा येईल. आत्या पुन्हा यायची नाही."

मोहिनीबाईंनी उरलेली मेथी खुडली आणि त्या रात्री आत्याबाईंच्या आवडीची लसूण घातलेली कोरडी भाजी केली. सोजराबाई जेवल्या, बोटे चाटली, आणि म्हणाल्या, "भाजी ब्येस. वायर घालून काय झालं?" काहीही झाले नव्हते.

आता चंद्र वाढू लागला होता आणि मानसिंगरावांना नवे कारण सापडले. कुंपणावर कोपरे टेकून ते म्हणाले, "भाऊसाहेब, माझं ऐका. चांद रोज चढतोय, तसे तुमचे दिवे रोज उतरत्यात. चांदाम्होरं इजेचं काय चालतंय?"

"मग पौर्णिमेला काय होईल?"

"त्येच तर मी म्हनतोय," मानसिंगराव सहानुभूतीने म्हणाले.

कुंडलिकराव त्या रात्री गच्चीवर जाऊन चंद्राकडे रागाने बघत उभे राहिले. चौतीस वर्षांत त्यांना सर्वांत वरिष्ठ अधिकाऱ्याचा राग आला तरी ते असेच, मान वर करून आणि तोंड मिटून, उभे राहत.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. या सबंध आठवड्यात दिवे पाहिले ते सर्वांनी संध्याकाळी, पेटल्यावर, पाण्याच्या पडद्याआड. दिवसा पंप बंद असे, पाणी कट्ट्याच्या खाली उतरे, दिव्यांच्या काचा उघड्या पडून वाळून जात, आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. दिवा दिवसा बघायचा असतो, असे कोणाच्या मनातही आले नाही. एवढी सुशिक्षित मंडळी. परंतु विझलेल्या दिव्याकडे पाहून उजेडाचा प्रश्न सुटेल, अशी कल्पना करणे हे शिक्षणाच्या पलीकडचे आहे.

अखेर पौर्णिमेच्या दोन दिवस आधी सूरजने दिवेच काढून वर आणले आणि काचेवर नख ओढून दाखवले. नखावर काळे आले.

"जळलेत, भाऊसाहेब. ही बघा काजळी."

"पाण्यात दिवा जळतो?"

"आतली धग काचेतनं भाईर फुटलीय," सूरज इतक्या खात्रीने म्हणाला की पुढचा प्रश्न विचारणे अडाणीपणाचे दिसले असते.

कुंडलिकरावांनी पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला. दुकानदार म्हणाला, "साहेब, आमच्या दिव्याला काजळी धरूच शकत नाही."

"मग माझ्या हौदात माशांनी चुली मांडल्यात का?" कुंडलिकराव इतक्या मोठ्याने ओरडले की मानसिंगराव कुंपणापाशी येऊन उभे राहिले. हौदात मासे नव्हते. परंतु अपमान झालेल्या माणसाला एवढी सूट असावी.

नवे सहा दिवे पौर्णिमेच्या आदल्या दुपारी टेम्पोने आले. सूरजने ते बसवले. या वेळी कुंडलिकरावांना संध्याकाळपर्यंत धीर धरवेना. मानसिंगरावांनी घोंगडी आणली आणि भर दुपारी तीन वाजता कुंडलिकराव, मानसिंगराव व सूरज असे तिघे कर्ते पुरुष हौदाच्या काठावर पालथे पडून, डोक्यावरून घोंगडी ओढून दिवा पाहू लागले. मोहिनीबाई मागच्या दारात आल्या, सहा पाय पाहिले आणि आत निघून गेल्या.

घोंगडीखालून आवाज आला, "आरारारा! डोळं गेलं माझं! भाऊसाहेब, सूर्व्या हाय, सूर्व्या!" हा मानसिंगरावांचा आवाज पार ओटीपर्यंत पोहोचला.

ओटीवरून सोजराबाई उठल्या. संध्याकाळपर्यंत नवे दिवे बघायला आणखी चार जण येऊन वाहवा करून गेले, आणि सोजराबाई आणखी चारदा उठल्या.

त्या संध्याकाळी आळीतली झाडून सारी माणसे आली होती. पाणी पडले. दिवे लागले. मंद. कोणी हसले असते तर बरे झाले असते. सर्वजण कुंडलिकरावांकडे अशा मायेने पाहू लागले की त्यांना घरात जावेसे वाटले. सूरज मान खाली घालून "पुन्हा जळले," एवढेच म्हणाला. सोजराबाई खुर्चीतून उठल्या, पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे रं. तू लई केलंस. उद्या तेवढी पुनव हितं करते आन् परवा सकाळच्या यष्टीनं जाते." खांद्यावरचा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ राहिला. उजेड पडला नाही याचे त्यांनाही वाईट वाटले होते. परंतु पटल्याशिवाय पटले म्हणण्याची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती.

पौर्णिमेच्या दुपारी घर झोपले असताना कुंडलिकराव हौदाच्या पायऱ्या उतरून पाण्यात शिरले. अंगात बंडी, वर खोचलेला पायजमा, नाकावर वाचायचा चष्मा. सूरज नव्हता, मानसिंगराव नव्हते, सल्ला द्यायला चंद्रही उगवला नव्हता. कमरेइतक्या गार पाण्यातून ते कट्ट्यापाशी गेले आणि पहिल्यांदाच, अगदी एक वीत अंतरावरून, त्यांनी विझलेला दिवा पाहिला.

डबीच्या झाकणाएवढ्या काचेवर काळे होते. ते जळाल्यासारखे पसरलेले नव्हते. ते ठिपके होते. एकावर एक, शेजारी शेजारी, गोल आणि नीट लावलेले. अगदी वरचा ठिपका ताजा होता आणि त्यात बारीक रेषा उमटल्या होत्या.

इथे कुंडलिकरावांच्या चौतीस वर्षांच्या सेवेचा प्रथमच घराला उपयोग झाला. या माणसाने आपल्या टेबलावर हजारो अंगठे उठवून घेतले होते. बोटाचा ठसा त्यांना चेहऱ्यासारखा वाचता येई. त्यांनी चष्मा सावरला. हा अंगठा नव्हे, उजव्या हाताची अनामिका. आणि रेषांना मधोमध तिरका छेद. तो छेद त्यांच्या ओळखीचा होता. भात कापताना विळ्याने त्या बोटाला घाव घातला होता आणि कुंडलिकने आपल्या पाटीचे पुसणे फाडून त्याला बांधले होते. तेव्हा तो सात वर्षांचा होता.

ते पाण्यात तसेच उभे राहिले. कुंपणापलीकडून मानसिंगराव म्हणाले, "भाऊसाहेब, पानी गार आसंल."

सोजराबाई आपल्या खोलीत गाठोडे बांधत बसल्या होत्या. निथळता पुतण्या दारात उभा राहिलेला पाहून म्हणाल्या, "ह्ये काय, बुडत हुतास का?"

"आत्या, दिव्यांना तीट तू लावतेस?"

"मंग कोन लावनार?" सोजराबाईंना प्रश्नाचेच नवल वाटले. "तुझी बायकू शिकल्याली, तिच्या ध्यानात कसं यावं? आल्या दिशी त्यो मानसिंग बोलला, अख्खं विंझर दिपलं. माझ्या अंगावर काटा आला. त्रेपन वरसांनी माझा दिवा पान्यातनं वर येतोय, आन् त्येच्यावर गावाची नजर! जवाजवा कुनी चांगलं बोललं, तवातवा सहाच्या सहांना लावली. तुझ्या गावची मानसं बोलत्यात बी लई."

कुंडलिकराव खाली बसले. पायाशी पाण्याचे थारोळे झाले. पुढचे वाक्य कसे बोलावे, याचा त्यांनी विचार केला. कचेरीत असते तर त्यांनी ते दुसऱ्याच्या सहीने पाठवले असते.

"आत्या, कंदिलाची काच काळी झाली की काय व्हायचं?"

"काय व्हायचं म्हंजी? उजेड..." आणि सोजराबाईंचा गाठ मारणारा हात थांबला.

गोठ्यात कालवड हंबरली.

"म्हंजी पयला तू बुडवलास," सोजराबाई सावकाश म्हणाल्या, "आन् ह्यो म्या इजवला."

"असं नाही, आत्या."

"असंच हाय. वायर उकरलीस. चांगली मेथी गेली. आन् मी शाल पांघरून म्हनते, काजव्यांची पोरं." त्यांनी तोंडाला पदर लावला. पदर हलू लागला. आत्या रडते आहे असे वाटून कुंडलिकराव घाबरे झाले; मग त्यांच्या ध्यानात आले की ती हसते आहे. हसता हसता तिने त्यांच्या ओल्या पाठीत एक धपाटा घातला. "आन् तू रं? अव्वल कारकून! अकरा दिस दिव्याकडं बघितलंस आन् काच न्हाई बघितलीस?"

"मग आता फिटंफाट झाली म्हण ना."

"फिटंफाट कशी? तुझं देनं तुझ्यापाशी, माझी चूक माझ्यापाशी. चल, राख आन चुलीतली."

परसात अंघोळीच्या पाण्याची चूल होती. तिथली राख आली. सोजराबाई कट्ट्यावर बसल्या, मोहिनीबाईंनी त्यांना मागून कमरेला धरले, आणि कंदिलाची काच जशी पुसावी तशा, राखेने, गोल गोल, त्यांनी सहाही काचा पुसल्या. शेवटची काच पुसून झाल्यावर त्यांनी राखेचा हात कपाळाकडे नेला आणि थबकल्या.

"पन एक सांगते. तीट लावल्याबिगर म्या दिवा लावू देनार न्हाई."

कुंडलिकरावांनी हतबल होऊन पत्नीकडे पाहिले. अकरा दिवसांत मोहिनीबाईंनी सल्ला म्हणून एकही दिला नव्हता. आता त्या म्हणाल्या, "आत्याबाई, तीट लेकराला लावतात, लेकराच्या झबल्याला नाही. दिवे यांनी केले, कौतुक यांचं होतंय. यांनाच लावा."

सोजराबाईंनी पुतण्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "ह्ये पटलं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी चंद्र मानसिंगरावांच्या गंजीमागून वर आला तेव्हा आळी पुन्हा जमली. बायकांनी द्रोणात पणत्या आणल्या होत्या. धुतलेले धोतर, इस्त्रीचा सदरा आणि उजव्या गालावर रुपयाएवढा काळा ठिपका, अशा थाटात निवृत्त अव्वल कारकून हौदापाशी उभे होते. मानसिंगरावांनी तो ठिपका पाहिला, बोलायला तोंड उघडले, शेजारी उभ्या सोजराबाईंच्या हातातली उघडी डबी पाहिली आणि तोंड मिटले.

कुंडलिकरावांनी बटण दाबले.

पाण्याचा पडदा खाली आला आणि आतून पेटला. हौदाच्या तळापासून उजेड वर चढला, काठावर आला, पेरूच्या झाडाची पाने खालून उजळली, माणसांच्या हनुवट्या उजळल्या. गोठ्यात कालवड उठून उभी राहिली, तिची अजून न फुटलेली शिंगे कपाळावर कोठे येणार, तेसुद्धा दिसले. कोणीही काही बोलले नाही. बोलायला तोंडे उघडली होती, परंतु सोजराबाईंची डबी अजून उघडीच होती.

सोजराबाई काठापाशी गेल्या. मोहिनीबाई आधार द्यायला पुढे झाल्या, त्यांना हाताने मागे सारले. त्या कट्ट्याच्या कडेला बसल्या आणि वाकून पाण्यात पाहू लागल्या. उजेड हलत होता आणि त्यांच्या चेहऱ्यावरही हलत होता. कितीतरी वेळाने त्यांनी हात पुढे केला, पाण्याच्या पडद्यातून आत घातला, आणि डावीकडून तिसऱ्या दिव्यापाशी धरून ठेवला. हातावरची एकूणएक शीर दिसली.

"ह्यो," त्या म्हणाल्या. "ह्यो माझा."

मग कमरेची पिशवी सोडून त्यांनी एक वस्तू बाहेर काढली आणि पुतण्यापुढे धरली. गंजलेली, वाकलेली, त्रेपन्न वर्षे ठेवून ठेवून पातळ झालेली तारेची कडी.

"घे तुझं खत. फिटलं समदं."

कुंडलिकरावांनी दोन्ही हात पुढे करून ती घेतली. त्यांना पुष्कळ बोलायचे होते. परंतु आयुष्यभराची सवय अशी की, अशा वेळी तोंडात एकच शब्द आला.

"पोच?"

"गालावर दिलीया ती काय हाय मग?" सोजराबाई म्हणाल्या, आणि पदराने ओला हात पुसून मागे वळल्या. "मोहिनी, माझं गाठोडं सोड गं. आन् सकाळी यष्टी आली म्हंजी सांग तिला, आत्या येनार न्हाई."